विमानाखालून उपग्रह सोडताना

विमानाच्या पोटाखाली रॉकेट टांगून ते बारा किलोमीटर उंचीवर नेले की कक्षेत जाण्याचे निम्मे काम विमानानेच केले, असा समज अनेकांचा असतो, आणि मोहीम आखणाऱ्याने तो सर्वांत आधी सोडून द्यावा. पृथ्वीपासून ६०० किलोमीटरवर फिरत राहण्यासाठी उपग्रहाला सेकंदाला सुमारे ७.६ किलोमीटर वेग लागतो आणि वाहक विमान त्यातले जेमतेम पाव किलोमीटर, म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास, पुरवते. उंचीचा लाभ त्याहून थोडा बरा असतो. बारा किलोमीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या चौथ्या हिश्शाइतकी उरलेली असते, त्यामुळे हवेचा अडथळा आणि सांगाड्यावरचा ताण दोन्ही कमी होतात आणि पहिल्याच टप्प्याला रुंद तोंडाचे, अधिक कार्यक्षम नॉझल (तप्त वायू बाहेर फेकणारी नळी) बसवता येते. तरीही विमान जे खरोखर देते ते म्हणजे जागेची निवड. प्रक्षेपणाचा तळ जिथे बांधला तिथेच राहतो, पण विमान हव्या त्या अक्षांशावरच्या मोकळ्या समुद्रावर जाऊन हव्या त्या दिशेला तोंड करू शकते. आपल्या वैज्ञानिक प्रयोगाला या निवडीची गरज आहे का, हे ठरवल्याशिवाय पुढचे एकही पाऊल टाकू नये.

हे मार्गदर्शन मुख्यतः पेगासस या रॉकेटच्या अनुभवावर बेतलेले आहे, कारण लहान वैज्ञानिक उपग्रह विमानातून सोडण्याचा सर्वांत मोठा इतिहास त्याच्याच नावावर आहे. ऑर्बिटल सायन्सेस या अमेरिकी कंपनीत अंतोनियो एलियास यांच्या नेतृत्वाखाली आखलेले हे तीन घन-इंधन टप्प्यांचे, पंख असलेले रॉकेट ५ एप्रिल १९९० रोजी नासाच्या बी-५२ विमानाच्या उजव्या पंखाखालून पहिल्यांदा सुटले. पुढे त्याची लांबवलेली आवृत्ती पेगासस एक्सएल आली आणि वाहक म्हणून एअर कॅनडाकडून घेतलेले लॉकहीड एल-१०११ जातीचे प्रवासी विमान, ‘स्टारगेझर’, वापरात आले. २०२१ च्या जूनपर्यंत एकूण ४५ उड्डाणे झाली. एक्सएल आवृत्ती सुमारे १७ मीटर लांब आणि २३ टन वजनाची असून तिच्या त्रिकोणी पंखांचा विस्तार ६.७ मीटर आहे.

आखणीची सुरुवात रॉकेटपासून न करता कक्षेपासून करावी आणि कक्षेतही उंचीआधी कल ठरवावा. कक्षेचे प्रतल विषुववृत्ताशी जो कोन करते तो कक्षेचा कल होय. ज्या अक्षांशावरून उड्डाण होते त्याहून कमी कलाची कक्षा थेट गाठता येत नाही, त्यासाठी प्रतल वळवावे लागते आणि हे वळण फार महाग पडते. फ्लोरिडातील केप कॅनाव्हेरल तळाच्या साडेअठ्ठावीस अंश अक्षांशावरून निघून कक्षेत पोचल्यावर कल सहा अंशांवर आणायचा म्हटले, तर त्या एका वळणासाठी सेकंदाला जवळजवळ तीन किलोमीटर इतका वेगबदल खर्च होतो. विमानाने दिलेला पाव किलोमीटर त्यापुढे किरकोळ आहे. मात्र तेच विमान विषुववृत्ताजवळ नेले, तर हे तीन किलोमीटर वाचतात.

नूस्टार ही क्ष-किरण दुर्बीण याचे उत्तम उदाहरण आहे. दक्षिण अटलांटिकवर पृथ्वीचा प्रारण-पट्टा खाली झुकलेला असल्यामुळे तेथून जाताना क्ष-किरण संवेदकांवर भारित कणांचा मारा होतो. तो शक्य तितका टाळण्यासाठी नूस्टारला सुमारे सहा अंशांच्या कलाची कक्षा हवी होती, म्हणून १३ जून २०१२ रोजी स्टारगेझरने प्रशांत महासागरातील क्वाजालीन प्रवाळबेटावरून उड्डाण करून बेटाच्या दक्षिणेला नूस्टारचे रॉकेट सोडले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राचा मोठा वाटा असलेल्या भारताच्या अवकाश-वेधशाळेला, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसॅटलाही याच कारणासाठी सहा अंशांची कक्षा दिली गेली होती. मात्र २०१५ मध्ये श्रीहरिकोट्याच्या पावणेचौदा अंशांवरून ती गाठताना जास्तीची किंमत पीएसएलव्ही या भारतीय रॉकेटच्या ताकदीतून मोजावी लागली.

येथे एक प्रामाणिक इशारा देणे आवश्यक आहे. नासाची आयएक्सपीई ही क्ष-किरण दुर्बीण पेगाससमध्ये मावेल अशा बेताने आखली होती. ती प्रत्यक्षात डिसेंबर २०२१ मध्ये फ्लोरिडाहून फाल्कन ९ या मोठ्या रॉकेटवर गेली. सव्वातीनशे किलोच्या आसपासच्या त्या उपग्रहासाठी एवढे प्रचंड रॉकेट वापरून, वर गेल्यावर सरळ प्रतल वळवून, कल ०.२ अंशांवर आणला गेला आणि नासाने या प्रक्षेपणाचा एकूण खर्च सुमारे पाच कोटी डॉलर सांगितला. पेगाससवर गेलेल्या आयकॉन मोहिमेचे कंत्राट त्याहून महाग, म्हणजे साडेपाच कोटींच्या वर होते. तेव्हा कक्षेची गरज विमानाकडे बोट दाखवत असली, तरी मोठ्या रॉकेटचा दर मागवल्याशिवाय निर्णय पक्का करू नये. उपग्रहाला ठरावीक कक्षा आणि ठरावीक वेळ हवी आहे, दुसऱ्या कुणाबरोबर सहप्रवासी म्हणून जाणे परवडणारे नाही आणि मोठ्या रॉकेटच्या रांगेत थांबणेही शक्य नाही, अशा स्थितीतच विमानाचे पारडे जड होते.

जागेच्या निवडीचा दुसरा फायदा सुरक्षिततेचा आहे आणि तो आपल्याला सहज कळण्यासारखा आहे. श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेकडे निघालेल्या पीएसएलव्हीला श्रीलंका टाळण्यासाठी आधी आग्नेयेकडे जाऊन मग दक्षिणेला वळावे लागते. त्या वळशात वाया जाणारी ताकद लहान रॉकेटला झेपत नाही, आणि म्हणूनच एसएसएलव्ही या लहान रॉकेटसाठी तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणम येथे नवा तळ उभारला जात आहे. विमानाला असा वळसा घालावा लागत नाही. १९९७ मध्ये स्पेनचा मिनिसॅट ०१ हा उपग्रह कॅनरी बेटांतील हवाई तळावरून निघालेल्या स्टारगेझरने कक्षेत नेला, तेव्हा त्या बेटांवर प्रक्षेपणमंच बांधावा लागला नव्हता. धावपट्टी, दुरुस्तीची सोय आणि मागोवा घेणारी यंत्रणा एवढ्यावर काम भागले.

कक्षा ठरल्यावर वजन आणि माप तपासावे. पेगासस एक्सएल अगदी खालच्या, कमी कलाच्या कक्षेत साडेचारशे किलोपर्यंत नेऊ शकते, परंतु उंची आणि कल वाढेल तसा हा आकडा झपाट्याने घसरतो. सूर्याचे निरीक्षण करणारा आयरिस हा उपग्रह २०१३ मध्ये सूर्य-समकालिक कक्षेत (ध्रुवांजवळून जाणारी, सूर्याशी कोन कायम राखणारी कक्षा) गेला तेव्हा त्याचे वजन दोनशे किलोच्या आतच होते. वजनापेक्षा माप अधिक जाचक ठरते. रॉकेटचाच व्यास १.२७ मीटर असल्यामुळे फेअरिंगच्या, म्हणजे उपग्रहाला झाकणाऱ्या नाकाकडच्या कवचाच्या, आत त्याहूनही कमी जागा मिळते. सौरपट्ट, अँटेना, दुर्बिणीची नळी हे सारे घडी घालून नेता येईल अशी रचना पहिल्या आराखड्यातच करावी. नूस्टारच्या आरसे आणि संवेदक यांच्यात दहा मीटर अंतर लागते, म्हणून त्यांना जोडणारा दांडा डब्यात दुमडून नेला आणि कक्षेत पोचल्यावर उलगडला. घडी जितकी अधिक तितके अडकू शकणारे सांधे अधिक, हे लक्षात ठेवून प्रत्येक सांध्याची स्वतंत्र चाचणी घ्यावी.

यानंतरचा विषय, म्हणजे उपग्रहाला होणारा प्रवासाचा जाच, सर्वांत कमी बोलला जातो आणि माझ्या मते सर्वाधिक लक्ष तिथेच द्यायला हवे. जमिनीवरच्या रॉकेटात उपग्रह उभा असतो आणि त्याचा मुख्य भार कण्यावरून खाली येतो. विमानाखालच्या रॉकेटात तो आडवा असतो, एका टोकाला पकडलेल्या आणि दुसरे टोक मोकळ्या असलेल्या तुळईसारखा. भूतलावरील जोडणी, विमानाला टांगणे, धावपट्टीवरची धाव, तासभराचे उड्डाण आणि हवेतील हेलकावे या सगळ्यांत त्याचे वजन आडव्या दिशेने ओढत राहते. शिवाय विमान रॉकेटला वरून धरून असते तेव्हा ते किंचित वाकलेले असते. रॉकेटला धरून ठेवणारे आकडे (हुक) सुटले की साठलेला वाक एका क्षणात मोकळा होतो आणि ताणलेली काठी सोडल्यावर थरथरावी तसा सबंध सांगाडा थरथरतो. सुटकेच्या या झटक्यात उपग्रहाच्या मोकळ्या टोकाला बसणारा आडवा हिसका काही भागांसाठी संपूर्ण उड्डाणातला सर्वांत मोठा भार ठरू शकतो. म्हणून उपग्रहाचे गणिती प्रारूप प्रक्षेपक कंपनीला लवकरात लवकर द्यावे, दोन्ही सांगाडे एकत्र धरून भारांची गणना करून घ्यावी आणि उपग्रहाची आडवी स्वाभाविक कंपनसंख्या रॉकेटच्या कंपनसंख्येपासून पुरेशी दूर ठेवावी. कंपन-चाचणीच्या मेजावर उपग्रह चढवताना आडव्या अक्षांना उभ्या अक्षाइतकाच वेळ द्यावा. आणखी एक भार विसरला जातो, तो म्हणजे परतीच्या उतरण्याचा. प्रक्षेपण रद्द झाले तर विमान २३ टनांचे रॉकेट पोटाशी घेऊनच धावपट्टीवर उतरते आणि चाके टेकताना बसणारा धक्का उपग्रहालाही बसतो. असे उतरणे अनेकदा घडले आहे, त्यामुळे चाचणी-आराखड्यात त्याला जागा असलीच पाहिजे.

प्रारूपावर किती अवलंबून असते ते पेगासस एक्सएलच्या पहिल्याच उड्डाणाने दाखवले. जून १९९४ मध्ये लांबी वाढवलेल्या या रॉकेटभोवती हवा कशी वाहील याचा अंदाज चुकला, रॉकेटावरचा ताबा सुटला आणि ते जमिनीवरच्या आदेशाने नष्ट करावे लागले. जुन्या आवृत्तीचे आकडे नव्या आवृत्तीला ताणून लावण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो. उपग्रहाच्या बाबतीतही मागच्या मोहिमेचा सांगाडा थोडा वाढवून वापरला असेल, तर गणना मुळापासून पुन्हा करावी.

जोडणी आडव्या स्थितीतच होते. कॅलिफोर्नियातील व्हँडेनबर्ग तळावरच्या इमारतीत रॉकेटचे टप्पे एका लांब गाडीवर जुळवले जातात, नाकाशी उपग्रह बसवला जातो, विद्युत-जोडण्या तपासून उड्डाणाच्या लुटुपुटीच्या तालमी होतात आणि मग फेअरिंग बंद होते. फेअरिंग बंद झाल्यापासून सुटकेपर्यंत आत स्वच्छ, कोरडी हवा किंवा नत्रवायू सतत वाहता ठेवावा लागतो. बारा किलोमीटरवर बाहेरचे तापमान उणे ५५ अंशांच्याही खाली असते, हे उपग्रहाच्या बॅटरीच्या संदर्भात विशेष ध्यानात ठेवावे. बॅटरी केव्हापर्यंत बाहेरून भारित होईल, सुटकेनंतर स्वतःच्या सौरपट्टांपर्यंत तिला किती वेळ तग धरायचा आहे आणि दोन-तीन दिवस उड्डाण लांबले तर काय करायचे, याचा लेखी हिशेब आधीच तयार असावा. त्यानंतर गाडी विमानाखाली सरकवतात आणि रॉकेट वर उचलून आकड्यांत अडकवतात. त्याचा उभा पंख विमानाच्या पोटात खास कापलेल्या खाचेत शिरतो. प्रक्षेपणाची जागा दूर असेल, तर हे सारे धूड घेऊन विमान महासागर ओलांडते, आणि या प्रवासाकडे मोहिमेचाच भाग म्हणून पाहावे. आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या भारित थराचा, अभ्यास करणारा आयकॉन २०१८ मध्ये क्वाजालीनकडे निघाला असता वाटेत रॉकेटकडून अपेक्षेबाहेरची मोजमापे येऊ लागली आणि विमानाला परत आणावे लागले. ती मोहीम शेवटी ऑक्टोबर २०१९ मध्ये, तीही क्वाजालीनऐवजी फ्लोरिडातून, पार पडली.

परवानग्यांचे काम कंटाळवाणे असले तरी ते शेवटासाठी ठेवू नये. रेडिओ-वारंवारतेची नोंद आपल्या देशाच्या प्रशासनामार्फत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे करावी लागते आणि तिला वर्षे लागू शकतात. अमेरिकेतून होणाऱ्या व्यापारी प्रक्षेपणाला तेथील विमान-वाहतूक प्रशासनाचा परवाना लागतो, तर भारतीय बिगरसरकारी संस्थेने उपग्रह परदेशातून सोडला तरी इन-स्पेस या भारतीय अवकाश-नियामक संस्थेची अनुमती आवश्यक असते. समुद्रातील जहाजांना आणि हवाई मार्गांना द्यायचे इशारे प्रक्षेपक कंपनी सांभाळते.

सुटकेच्या दिवशी वेळ उलट मोजत आणि संभाषणाची शिस्त पाळत काम करावे. विमान साधारणतः ठरलेल्या क्षणाच्या तासभर आधी निघते, समुद्रावरच्या आखून दिलेल्या आयताकार क्षेत्राकडे जाते आणि लंबगोल फेरी मारून, ठरलेल्या दिशेला तोंड करून, ठरलेल्या सेकंदाला त्या क्षेत्रात शिरते. विमानातील कर्मचारी, रॉकेटचे नियंत्रक, क्षेत्र-सुरक्षेचे अधिकारी आणि उपग्रहाची चमू अशा चार गटांनी त्या वेळी एकाच भाषेत बोलणे अत्यावश्यक असते. ९ फेब्रुवारी १९९३ रोजी ब्राझीलचा एससीडी-१ हा उपग्रह सोडताना अखेरच्या मिनिटात रद्द करण्याचा पुकारा झाला, पण कोणाचा शब्द अंतिम याबद्दल गोंधळ उडाला आणि रॉकेट सुटले. उपग्रह कक्षेत नीट पोचला, तरी अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या प्रकरणाची चौकशी केली, आणि ते योग्यच झाले, कारण यश मिळाले म्हणून शिस्तभंग झाकला जात नाही. यावरून घ्यावयाचा नियम सोपा आहे: ‘रद्द’ हा शब्द कोणीही उच्चारला की विमानाने फेरी सोडावी आणि तो शब्द मागे घेण्याचा अधिकार त्या फेरीपुरता कोणालाच नसावा.

असे ठामपणे म्हणता येते, कारण विमानाला दुसरी फेरी उपलब्ध असते. आयकॉनच्या वेळी पहिल्या फेरीत विमान आणि जमीन यांच्यातील संपर्क तुटला, सुटका थांबवली, विमान वळून पुन्हा आले आणि सुमारे अर्ध्या तासाने रॉकेट सुरळीत सुटले. वादळांचा वेध घेणाऱ्या सिग्नस या आठ उपग्रहांच्या मोहिमेत मात्र १२ डिसेंबर २०१६ रोजी रॉकेट सोडणाऱ्या यंत्रणेचा हायड्रॉलिक पंप विमानातच बिघडला. त्या दिवशी परतावे लागले आणि सुटका १५ तारखेला झाली. म्हणून वेळापत्रकात निदान तीन-चार पर्यायी दिवस आणि प्रत्येक दिवशी दुसऱ्या फेरीइतके इंधन धरावे.

आकडे सुटल्यावर पुढचे काम रॉकेट स्वतःच करते. पहिली पाच सेकंदे ते इंजिनाविना खाली येते. मुक्त पतनाने ते १२० मीटर घसरले असते, पंखांच्या उचलीमुळे सुमारे ९० मीटरच घसरते. तेवढ्या अवधीत विमान दूर गेलेले असते आणि मग पहिला टप्पा पेटतो. तो सव्वा मिनिटाच्या आसपास जळतो आणि त्या काळात शेपटीकडील तीन फिरते पंख दिशा सांभाळतात. दुसरा टप्पा जळत असताना हवा नगण्य होते आणि फेअरिंग दुभंगून गळून पडते. त्यानंतर दुसरा व तिसरा टप्पा न सुटता कित्येक मिनिटे इंजिनाविना चढत राहतात, कारण तिसरा टप्पा कक्षेच्या उंचीजवळ पोचल्यावरच पेटवायचा असतो. सुटकेपासून उपग्रह वेगळा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे जातात आणि या अवधीत उपग्रहाच्या चमूला शांत बसण्यापलीकडे काम नसते.

वेगळे होण्याची क्रिया किरकोळ वाटते, पण ४ नोव्हेंबर १९९६ चे उड्डाण विसरू नये. त्या दिवशी पेगाससने अर्जेंटिनाचा एसएसी-बी आणि गॅमा-किरण स्फोट शोधणारा हेटे हे दोन्ही उपग्रह कक्षेत अचूक नेले, पण तिसऱ्या टप्प्यावरचा विद्युतपुरवठा निकामी झाल्यामुळे त्यांना मोकळे करणारे स्फोटक बोल्ट उडालेच नाहीत. हेटे आधाराच्या डब्यात बंद राहिला, त्याला सौरपट्ट उघडता आले नाहीत आणि बॅटरी संपताच तो निकामी झाला. दुसरा हेटे २००० साली पाठवावा लागला. सुटकेच्या आदेशाला दोन स्वतंत्र बॅटऱ्या आणि दोन स्वतंत्र तारांचे मार्ग आहेत का, हा प्रश्न कंत्राटावर सही होण्यापूर्वी विचारावा.

घन इंधनाऐवजी द्रव इंधनाचे रॉकेट निवडले तर चिंता बदलते. व्हर्जिन ऑर्बिटचे लाँचरवन हे बोइंग ७४७ च्या डाव्या पंखाखालून सुटत असे. २०२० च्या पहिल्या प्रयत्नात द्रव ऑक्सिजनची नळी फुटली, जानेवारी २०२१ मध्ये नासाचे दहा घनाकृती लघुउपग्रह कक्षेत गेले आणि जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलहून निघालेले उड्डाण दुसऱ्या टप्प्याच्या इंधनवाहिनीतील गाळणी निसटल्यामुळे फसले. त्याच वर्षी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. द्रव इंधनाने कक्षा अधिक अचूक मिळू शकते, पण विमान हवेत असताना अतिथंड ऑक्सिजन सांभाळण्याचा व्याप त्यासाठी पत्करावा लागतो.

घन इंधनाचा शेवटचा टप्पा हव्या त्या क्षणी विझवता येत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष कक्षा ठरवलेल्या उंचीहून काही किलोमीटर वर-खाली पडू शकते. अचूक उंची विज्ञानासाठी अनिवार्य असेल, तर हायड्रॅझिन या द्रव इंधनावर चालणारा पेगाससचा जादा चौथा टप्पा मागावा किंवा उपग्रहात स्वतःचे छोटे इंजिन ठेवावे. सिग्नसने यापैकी काहीच केले नाही. त्याच्या प्रत्येकी तीस किलोपेक्षा हलक्या उपग्रहांमध्ये इंजिन नाही. एखाद्याला मागे-पुढे सरकवायचे असेल, तर त्याची रुंद बाजू गतीच्या दिशेला करून विरळ हवेचा अडथळा वाढवतात आणि महिनोन्‌महिने धीर धरून उपग्रहांमधले अंतर जुळवतात.